वंश आणि वात्सल्य

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले एक गोष्ट न शिकवता जाणत असतात. किल्ल्याचा अर्थ मावळ्यांच्या रंगीत अंगरख्यात नसतो. कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणी कुठे पाऊल टाकायचे नाही, या ठरावात तो असतो. खेळ तोंडाने काय सांगतो यापेक्षा तो नियमाने काय करायला लावतो, हे अधिक महत्त्वाचे. कादंबरीचेही असेच असते. लेखकाचे मत पात्रांच्या भाषणांत शोधणारा वाचक पुष्कळदा फसतो. कोणत्या पात्राच्या वाट्याला काय येते हे पाहणारा सहसा फसत नाही.

हा साधा निकष हाती घेऊन आज एका खेळाचे परीक्षण करावयाचे आहे. कथा, नाटक, चित्रपट यांच्या शेजारी खेळाला पान द्यावे काय, अशी शंका काही ज्येष्ठ वाचकांना येईल. परंतु १९९६ पासून आजवर मुलांच्या पिढ्यांनी ज्या खेळाला आपली सुट्टी वाहिली, ज्यात जन्म, संगोपन, स्पर्धा आणि त्याग या साऱ्यांचे नियम बांधलेले आहेत, त्याकडे टीकाकाराने पाठ फिरवण्यात कसला शहाणपणा आहे? खेळाचे नाव 'पोकेमॉन'. नातवंडांच्या तोंडून आपण ते ऐकले असेल. पिवळा पिकाचू तर दप्तरांवरून आणि खाऊच्या डब्यांवरून आपल्या घरांत केव्हाच शिरला आहे. या खेळातील झुंजींविषयी मुले तासन् तास बोलतात. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या एका निवांत भागाविषयी: कल्पित प्राण्यांची पैदास, त्यांचे संगोपन आणि त्यांचे प्रदर्शन. या खेळाचे पाप आणि पुण्य दोन्ही तिथेच साठले आहे, असे मला वाटते.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. खेळाचा कर्ता सातोशी ताजिरी. टोकियोच्या पश्चिमेला माचिदा म्हणून गाव आहे. तिथे त्याचे बालपण गेले. शेतांत, डबक्यांत, झाडांच्या ढोलीत किडे शोधण्याचा त्याला विलक्षण नाद होता. पुढे शहर पसरत आले, डबकी बुजली, झाडांच्या जागी घरे उभी राहिली आणि किडे नाहीसे झाले. हातात मावणारी 'गेम बॉय' यंत्रे निघाली तेव्हा दोन यंत्रे तारेने जोडता येतात हे त्याने पाहिले, आणि त्या तारेवरून किडे एका मुलाकडून दुसऱ्याकडे सरपटत जात आहेत असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या चित्रातून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे जोडखेळ निघाले. खेळणाऱ्याने एका लहान मुलाची भूमिका घ्यायची, गावोगाव हिंडायचे, गवतातले अद्भुत प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. प्राणी १५१. या पहिल्या खेळात मात्र कोणी जन्माला येत नव्हते. वृत्ती संग्राहकाची होती. काडेपेटीत भुंगा बाळगणाऱ्या मुलाची.

जन्म आला तो २१ नोव्हेंबर १९९९ रोजी, 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या खेळांबरोबर. गोल्डनरॉड नावाच्या शहराबाहेर एक म्हातारा आणि एक म्हातारी पाळणाघर चालवतात. आपले दोन प्राणी त्यांच्याकडे ठेवून वाटेला लागावे. त्या दोघांचे परस्परांशी कितपत जमते हे कळते, आणि जमले असेल तर काही वेळाने म्हातारा एक अंडे हाती देतो. ते कोठून आले हे त्यालाही ठाऊक नसते! पूर्वीच्या मासिकांतील कथांत नायक-नायिकेची नजरानजर झाली की परिच्छेद संपे आणि पुढील परिच्छेदात पाळणा हलू लागे, तोच हा संकोच. मुलांच्या खेळाला तो शोभतोही.

संकोच असला तरी सोयरिकीचे नियम मात्र काटेकोर आहेत. प्राण्यांचे गट ठरलेले आहेत; एका गटातले नर-मादी असतील तरच संबंध जुळतो. पिलू जन्मते ते आईच्या जातीचे. बापाने शिकलेले काही डावपेच मात्र त्याच्या अंगी उपजत येतात. 'डिट्टो' नावाचा एक बिनआकाराचा, कोणतेही रूप घेणारा प्राणी आहे; तो जवळजवळ कोणत्याही स्थळाला होकार देतो, आणि मग पिलू दुसऱ्या जोडीदाराच्या जातीचे होते. विद्या बापाकडून आणि जात आईकडून, ही वाटणी २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय' या खेळांपर्यंत चालली. त्यानंतर आईचीही विद्या पिलाला मिळू लागली. आईकडेही शिकवण्यासारखे काही असते हे मान्य व्हायला चौदा वर्षे लागली. आपल्याकडेही ही गोष्ट मान्य व्हायला काही कमी काळ लागला नाही, म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला बेताचाच आहे.

१९९९ च्या खेळातील खरे काव्य पुढे आहे. अंडे आपोआप फुटत नाही. ते बरोबर घेऊन चालावे लागते. मॅजिकार्प या दुबळ्या माशाचे अंडे हजार-दीड हजार पावलांत फुटते. ड्रॅटिनी या सर्पाकृती प्राण्याला दहा हजारांहून अधिक पावले लागतात. अंगात आच असलेला एखादा प्राणी सोबत असेल तर निम्मी पावले पुरतात, अशी गोड सवलत २००४ च्या 'एमराल्ड'मध्ये आली; ऊब देणारे कोणीतरी जवळ हवे, हे त्या सवलतीने किती सहज सांगितले! चालणाऱ्याला काही मिळत नाही, काही दिसत नाही; फक्त चालायचे आणि वाट पाहायची. बोटांनी खेळायच्या खेळात धीर हा गुण आणणे सोपे नव्हे.

माया मोजण्याची रीतही या खेळात आहे. प्रत्येक प्राण्याच्या मनात मालकाविषयी किती लळा आहे, याचा एक हिशेब पडद्याआड चालतो. बरोबर चालले की तो वाढतो. प्राणी झुंजीत कोसळला की घटतो. स्वस्त मिळणारी कडू मुळीपाल्याची औषधे पाजली की तो फार घटतो. औषधाने दुखणे बरे होते पण मन दुखावते, हे ज्याने मुलांना एरंडेल पाजले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

लळ्याच्या या नियमातून कथेचा एक प्रसंग विलक्षण सूचकतेने रंगला आहे. या खेळात एक प्रतिस्पर्धी मुलगा आहे. तो प्राण्यांना हत्यारासारखा वापरतो, दुबळ्यांना हिडीसफिडीस करतो आणि म्हणून पुनःपुन्हा हरतो. त्याच्याजवळ गोलबॅट नावाचे वटवाघूळ आहे. गोलबॅटचा क्रोबॅट होतो तो केवळ मालकावर पुरता जीव जडल्यावरच. दुसरा कोणताही मार्ग नाही. कथेच्या शेवटी शेवटी हा मुलगा भेटतो तेव्हा त्याच्याजवळ क्रोबॅट असतो. त्याचे हृदयपरिवर्तन झाले असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. नियम ठाऊक असलेला वाचक (मी मुद्दामच वाचक म्हणतो) ते ओळखतो. लेखक जे बोलला नाही ते नियमाने बोलून दाखवले. ज्या खेळाला हे साधते, त्याची गणना कलाकृतीत करायला माझी हरकत नाही.

आता दुसरी बाजू.

२१ नोव्हेंबर २००२ रोजी 'रुबी' आणि 'सॅफायर' आले आणि जन्माचे गणित पक्के झाले. प्रत्येक प्राण्याचे सहा गुण: जीवशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. प्रत्येक गुणासाठी जन्मतःच ० ते ३१ मधला एक आकडा चिकटतो. तो खेळणाऱ्याला दाखवला जात नाही आणि त्या खेळात तो कशानेही बदलत नाही. त्याखेरीज २५ स्वभावांपैकी एक स्वभाव पदरी येतो. बहुतेक स्वभाव एक गुण वाढवून दुसरा घटवतात. सहाही आकडे ३१ असलेला प्राणी निव्वळ दैवाने मिळण्याची शक्यता १,०७,३७,४१,८२४ मध्ये एक. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. इथे ते अंड्यातच मोजून ठेवलेले असतात.

दैव असे कंजूष म्हटल्यावर माणूस वंशाकडे वळणारच. २००२ च्या खेळात सहांपैकी तीन आकडे आईबापांकडून येत. २०१३ पासून 'डेस्टिनी नॉट' नावाचा एक धागा आईबापांपैकी एकाजवळ दिला की पाच येतात. तरी सहावा दैवाधीनच. म्हणजे दोन्ही आईबाप सर्वगुणसंपन्न असले तरी त्यांच्या ३२ पिलांत सरासरी एकच त्यांच्यासारखे निपजणार. त्यात स्वभाव हवा तो, नर-मादी हवे ते, अशा अटी घातल्या की अंड्यांची रास वाढतच जाते. सराईत खेळाडू अंडी घेऊन पाळणाघरापुढच्या रस्त्यावर सायकलने इकडून तिकडे फेऱ्या मारतो. आणि जे चालणे मघाशी काव्य होते, त्याची आता गिरणी होते.

उरलेल्या एकतीसांचे काय? त्यांच्यासाठी एक शब्द आहे: 'सोडून देणे'. यंत्र विचारते, खेळाडू होकार देतो, प्राणी जातो. 'रुबी'मध्ये साठवणीच्या पेट्या १४ आणि एकेका पेटीत जागा ३०. म्हणजे ४२० प्राणी झाले की जागा संपली. सोडून देणे तिथे अपरिहार्यच आहे. नुकते अंड्यातून निघालेले, एक झुंजही न पाहिलेले पिलू कोठे जाते, कसे जगते, याविषयी खेळ काही बोलत नाही. ज्या खेळाची कथा पानोपानी प्राण्यांवर माया करा म्हणते, त्याच खेळाचे गणित पिलांच्या राशीतून एक उचलायला आणि बाकीची टाकायला शिकवते. 'गोल्ड'मधील कॅरेन नावाची एक पटाईत योद्धी तर खेळाडूला बजावते की बलवान-दुर्बळ हा भेद माणसाच्या स्वार्थी नजरेचा आहे. ज्याला खरे कसब साधले आहे त्याने आपल्या आवडत्या प्राण्यांना घेऊन जिंकावे. बोल उदात्त आहेत. आकडे तिला दुजोरा देत नाहीत.

हा दोष एकट्या या खेळाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिथे पैदाशीला प्रदर्शनाची जोड मिळाली तिथे हा प्रश्न आलाच. इंग्लंडात न्यूकॅसलला १८५९ साली कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि १८७३ साली केनेल क्लब निघाला. तेव्हापासून कान, शेपटी, नाक यांची मापे ठरली आणि मापात न बसणारे पिलू उणे ठरू लागले. डार्विनने आपल्या १८५९ च्या ग्रंथाच्या आरंभीच कबुतरे पाळणाऱ्यांचे कसब वर्णिले आहे, आणि ते जाणून घेण्यासाठी तो स्वतः त्यांच्या मंडळांत जाऊन बसला होता. जपानात तर सोनमाशांच्या आणि मॉर्निंग ग्लोरीच्या फुलांच्या नवनव्या जाती निपजवण्याचा छंद एदो काळापासूनचा. आपल्या माणदेशात खिलार खोंड पाहायला जमलेली माणसे शिंगे, वशिंड, खूर पाहून क्षणात निवाडा देतात. परंतु त्या शेतकऱ्याला जनावराकडून काम हवे असते, आणि मापात उणा पडलेला बैलही नांगराला जुंपला जातो; दावणीला त्याची जागा असते. पोकेमॉनच्या गणितात उणे पडलेल्या पिलाला नांगर नाही आणि दावणही नाही.

याच संदर्भात दुसऱ्या एका जपानी खेळाकडे पाहण्यासारखे आहे. 'फायनल फँटसी सेव्हन' ३१ जानेवारी १९९७ रोजी निघाला. त्यात चोकोबो नावाचे शहामृगासारखे पक्षी आहेत. त्यांना पाला खाऊ घालायचा, शर्यतीत पळवायचे आणि योग्य जोडीला योग्य फळ देऊन पैदास करायची. हिरवा चोकोबो डोंगर चढतो, निळा नदी ओलांडतो, काळा दोन्ही करतो आणि सोनेरी समुद्रही पार करून अशा बेटावर नेतो जिथे दुसऱ्या कशानेच पोचता येत नाही. तबेल्यात जागा सहाच, म्हणून नकोसे पक्षी सोडावेच लागतात. तरी तो खेळ मनाला इतका टोचत नाही. कारण त्याने या पक्ष्यांना वाहन म्हटले आणि वाहनासारखेच वागवले. पोकेमॉनने प्राण्यांना सखे म्हटले, म्हणून त्याच्याकडून अपेक्षा मोठी आणि अपेक्षाभंगही मोठा.

ज्या 'रुबी'-'सॅफायर'ने जन्माचे गणित असे पक्के केले, त्यांनीच त्यावरचा उताराही दिला, ही या इतिहासातील मौज आहे. त्या खेळात झुंजीखेरीज प्रदर्शने आहेत. चार स्पर्धक आपापले प्राणी घेऊन रंगमंचावर येतात. प्रकार पाच: ऐट, सौंदर्य, गोडवा, चातुर्य आणि कणखरपणा. पहिल्या फेरीत प्रेक्षक केवळ रूप पाहून कौल देतात. दुसऱ्या फेरीत प्राण्याने पाच वेळा आपले कसब दाखवायचे असते आणि प्रेक्षकांना रंगवायचे असते. चार गावांत चार पायऱ्या. लिलीकोव्ह गावच्या सर्वोच्च पायरीवर जिंकणाऱ्या प्राण्याचे चित्र काढले जाते आणि ते तिथल्या संग्रहालयात लागते.

रूप वाढते कशाने? खाण्याने. खेळणारा झाडांना पाणी घालून बोरांसारखी फळे पिकवतो, ती घुसळून वड्या करतो आणि प्राण्याला भरवतो. वड्यांच्या चवी पाच. तिखटाने ऐट येते, गोडाने गोडवा, कडूने चातुर्य, आंबटाने कणखरपणा आणि तुरटाने सौंदर्य. आपल्या षड्रसांतला खारट तेवढा वगळला की ही यादी पुरी होते. तुरटपणातून सौंदर्य, ही कल्पना जपानी अभिरुचीत मुरलेली आहे; आणि आवळा खाल्ल्यावर पाणी गोड लागते हे ठाऊक असलेल्या आपल्या जिभेलाही ती परकी वाटू नये. वड्या वाटेल तितक्या भरवता येत नाहीत. प्रत्येक प्राण्याला भरवण्याची मर्यादा आहे. ती गाठली की तो तोंड फिरवतो. म्हणून भरवणाऱ्याने किती भरवले याला मोल नाही, काय भरवले याला आहे. प्राण्याच्या स्वभावानुसार एखादी चव आवडती असते, एखादी नावडती. जन्माने येणारे काही इथेही आहे. पण इथे ते आवडीनिवडीच्या रूपाने येते, लायकीचा दाखला होऊन येत नाही. घरातल्या एका मुलाला कारले चालते आणि दुसऱ्याला चालत नाही. त्यावरून कोणी कोणाला सोडून देत नाही.

या प्रदर्शनांचा कळस म्हणजे फीबास नावाचा मासा. तपकिरी, फाटक्या कल्ल्यांचा, कोणी ढुंकून पाहू नये असा. शिवाय दुर्मीळ: एका लांबलचक नदीच्या शेकडो चौकटींपैकी फक्त सहा चौकटींत तो गळाला लागतो. झुंजीत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. अशा माशाला तुरट वड्या भरवत राहावे. त्याचे सौंदर्य पुरेसे वाढले की तो मिलोटिक होतो: लांबसडक, दुधाळ अंगाचा, इंद्रधनुषी शेपटीचा, त्या साऱ्या प्राणिसृष्टीत अत्यंत देखणा म्हणून गणलेला, आणि झुंजीतही बलाढ्य. कुरूप पिल्लाची कथा जगभर सांगतात. पण त्या कथेतले पिल्लू मुळात हंसाचेच असते. त्याचे रूप शेवटी वंशातूनच निघते. फीबासचे तसे नाही. वर्षानुवर्षे नुसता वागवला तर तो फीबासच राहील. कोणीतरी फळे पिकवली, घुसळली, आवड जाणून भरवली, म्हणून तो मिलोटिक होतो. इथे कथा माया म्हणते आणि नियमही मायाच म्हणतो. दोघांचा सूर एक लागतो. साऱ्या पोकेमॉनमध्ये मला सर्वात श्रेष्ठ वाटणारी जागा ही.

दुर्दैवाने तिला पुढे धक्का लागला. २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये ही प्रदर्शने नव्हती. वड्या नाहीत, सौंदर्याचा हिशेब नाही. मग फीबासचे काय करायचे? त्याच्याजवळ एक लोलकासारखा खवला द्यायचा आणि तो मासा दुसऱ्या खेळाडूला द्यायचा, की झाला मिलोटिक. फळ तेच, पण बाग गेली. आईच्या हातचा फराळ आणि हलवायाच्या दुकानातला पुडा यांत चवीचा फरक नसेलही. तरी कोणत्या ताटाभोवती घर जमते हे दिवाळीत कोणाला सांगायला नको. २०१४ साली 'रुबी'-'सॅफायर'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा वड्या आणि प्रदर्शने परत आली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

झुंजीच्या बाजूला मात्र या काळात एक चांगले वळण आले. १८ नोव्हेंबर २०१६ च्या 'सन' आणि 'मून'मध्ये, पूर्ण वाढ होऊन शंभराव्या पायरीला पोचलेल्या प्राण्याला बाटलीच्या चंदेरी किंवा सोनेरी बुचाच्या मोबदल्यात विशेष तालीम देता येऊ लागली. त्याचा उणा गुण मग ३१ असल्यासारखा चालतो. १५ नोव्हेंबर २०१९ च्या 'स्वोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये पुदिन्याची पाने आली. ती खाऊ घातली की स्वभावाचा परिणाम बदलतो. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये तालमीची अट पन्नासाव्या पायरीवर उतरली. म्हणजे ज्या प्राण्याला मूल पहिल्या दिवसापासून घेऊन फिरले, तोच आता श्रेष्ठांच्या झुंजीत उतरू शकतो. वंशाने नाकारले ते संगोपनाने मिळवता येऊ लागले.

या बदलाचे मी स्वागत करतो. पण टीकाकाराने तळाशी काय आहे तेही पाहिले पाहिजे. तालमीने मूळ आकडा बदलत नाही. तो खाली तसाच राहतो, आणि त्या प्राण्याला पिलू झाले तर वारसा त्या जुन्या आकड्याचाच मिळतो. पुदिन्याचे पान खाल्ले तरी कागदोपत्री मूळ स्वभावाचेच नाव राहते. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. व्यायामाने कमावलेले दंड मुलाला वारशाने मिळत नाहीत. पण ज्या खेळात बापाने शिकलेले डावपेच पिलाला मिळतात, तिथे शास्त्राची सबब अपुरी पडते. खेळकर्त्यांनी जन्माचा दाखला फाडला नाही; त्यावर एक नवी पट्टी चिकटवली. त्यात २०१६ च्या त्याच खेळात उपजत आकड्यांचे माप दाखवणारी सोय खेळाडूला मिळते ती २० अंडी उबवल्यानंतर. एका हाताने वंशाचे महत्त्व कमी करायचे आणि दुसऱ्या हाताने पाळण्याशी मोजपट्टी ठेवायची, अशी ही द्विधा वृत्ती आहे.

या साऱ्याला किती गंभीरपणे घ्यायचे? मोठ्यांच्या स्पर्धांत ते फारच गंभीरपणे घेतले जाते. या खेळाची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा २०२३ साली योकोहामात भरली, तेव्हा यंत्रात लबाडी करून बनवलेले प्राणी आणल्याबद्दल काही खेळाडू बाद झाले. त्यावर बराच वाद माजला. प्राणी रीतसर तयार करण्यात फार वेळ जातो आणि कसोटी तर डावपेचांची असते, असे बाद झालेल्यांच्या बाजूने बोलले गेले. या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. परंतु तो मान्य करणे म्हणजे वाढवणे हा निव्वळ अडथळा आहे, असे मान्य करणे होय. ज्या खेळाचे बीज किडे वाढवणाऱ्या मुलाच्या मनात रुजले, त्याची शोकांतिका यापेक्षा वेगळी काय असेल?

कोणी म्हणेल, हे सारे पडद्यावरचे ठिपके. एकतीस काय आणि एकतीसशे काय, कोणाला इजा झाली? ठिपक्यांना इजा होत नाही हे खरे. परंतु खेळातून सवय लागते ती खेळणाऱ्याला, आणि ती सवय एका प्रश्नाची आहे: समोर आलेल्या नव्या जिवाला प्रथम काय विचारायचे? तुझे आकडे काय, की तुला काय आवडते? आपली घरे पहिल्या प्रश्नाला सरावलेली आहेत. खाण तशी माती म्हणायचे, निकालाच्या दिवशी टक्के विचारायचे, शेजारच्या मुलाची मोजपट्टी आपल्या मुलाला लावायची, हे आपल्याला खेळाने शिकवले नाही. खेळाने फक्त ते उघडे करून दाखवले. म्हणून मुलाच्या हातातले यंत्र काढून घेण्यापेक्षा त्याच्याशेजारी बसून, तुझा आवडता कोण आणि का, एवढे विचारणे मला अधिक हिताचे वाटते. उत्तरात आकडा येतो की गोष्ट येते, हे ऐकण्यासारखे असते.

शेवटी एका लहानशा नियमाची नोंद केली पाहिजे, कारण या साऱ्या वादाचा निवाडा त्यात दडलेला आहे. 'गोल्ड'-'सिल्व्हर'पासून अंडे फुटले की खेळ एक प्रश्न विचारत आला आहे: याचे नाव ठेवायचे काय? तो बत्तीसांपैकी प्रत्येक पिलासाठी विचारला जातो. खेळ तेवढ्यापुरता कोणालाही वगळत नाही. गिरणी चालवणारा खेळाडू नकाराची कळ दाबत पुढे जातो, कारण ज्याचे बारसे केले त्याला सोडून देणे कठीण असते, हे त्यालाही मनातून ठाऊक असते. ज्या मुलाने पहिल्याच अंड्यापाशी थांबून, आकडे न पाहता, त्या पिलाला घरातले एखादे लाडके नाव दिले, त्याच्या हातून कदाचित झुंजी हरतील. पण त्याच्या पेटीत एक तरी प्राणी असा असेल की जो सोडून द्यायची पाळी कधी येणार नाही.